दहा पाचची कणकवली

तेहतीस वर्षं देवगड डेपोत
भोंग्यावरून गावांची नावं घेतली.
आता सड्यावरच्या या तीन गुंठ्यांत
कोणी विचारायला येत नाही, किती वाजता सुटते.
चिनी गुलाब तेवढा
दहाच्या सुमाराला उघडतो,
दहा पाचची कणकवली लागायची तेव्हा.
कधी दहा मिनिटं उशीर. डेपोतही व्हायचा.

आधी इथे लॉन होतं.
तन्मयने मस्कतहून पैसे पाठवले,
कुडाळच्या नर्सरीतून सतरंजीसारखी गुंडाळलेली
हिरवळ आली, टेम्पोतून, ओलीगच्च.
खाली कातळ, वर चार बोटं विकतची माती.
डिसेंबरात फोटो काढून त्याला पाठवला.
फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसला.
मंगळवारच्या टँकरचं पाणी
अंघोळीतून वाचवून मी त्या गवताला पाजलं,
आणि मार्चात ते
न्हाव्याच्या दुकानातल्या केसांसारखं
झाडूने गोळा झालं.
तन्मयला सांगितलं नाही.
त्याच्या मोबाइलवर ते अजून हिरवं आहे.

बंदरावर, बर्फाच्या फॅक्टरीमागे,
जिथे डिझेल सांडतं, जाळी धुतात,
तिथे धापा पसरलेला असतो.
द्वारका खवळेने त्यातला मूठभर तोडला
आणि माझ्या पिशवीत, बांगड्यांवरच, टाकला.
"ह्येका पाणी नको, ऊन व्हया.
लाड केलंस तर कुसतला."

दोन दिवस तुकडे सावलीत ठेवले,
मोडल्या जागी खपली धरू दिली.
जाडी रेती, चिरेखाणीतला लाल भुगा,
शेणखत नावापुरतं.
खोचले. आणि मग
काहीच करायचं नाही, हे शिकायला
सगळ्यात जास्त दिवस लागले.
हात पाठीमागे बांधून उभा राहायचो,
तपासणीला साहेब आल्यावर राहायचो तसा.

एप्रिलात कातळावर अनवाणी पाय टेकत नाही.
दुपारी गडग्यावरचा सरडासुद्धा
एक एक पाय उचलून धरतो.
त्या तापात हे सरपटत निघाले,
कांड्याकांड्याला मूळ टाकत,
पाण्याच्या मीटरपर्यंत, तिथून पायरीखाली.
पान दोन बोटांत चेपलं तर
आतलं पाणी थंड लागतं.
कुठून आणलं, विचारू नये.

खरी भीती उन्हाची नाहीच.
या अंगणात तहानेने मेलं ते लॉन एकच;
बाकी जे गेलं ते पाण्याने.
आषाढात सड्यावर टाच बुडेल एवढं तळं साचतं,
चिनी गुलाब देठाशी काळा पडतो,
आठवडा-आठवडा फूल नाही,
सगळं वेळापत्रक कोलमडतं.
म्हणून मे सरताना
प्रत्येक रंगाच्या चार-चार काड्या मोडून
गोडेतेलाच्या डब्यात लावतो,
पागोळीच्या आत, भिंतीला टेकवून.
राणी, पिवळा, आणि एक मळकट पांढरा
जो मला फारसा आवडत नाही, तरी.
गणपती गेले की पुन्हा बाहेर.
धाप्याला मी डब्यात घालत नाही.
तो खारं, गोडं, काहीच मोजत नाही.

गेल्या रविवारी द्वारका पहिल्यांदा वर आली.
दुपारचे चार. एकूण एक फूल मिटलेलं.
म्हटलं, दहाला यायचंस.
"दहाक लिलाव आसता," म्हणाली,
आणि फतकल मारून बसली
आणि धाप्याचे कोवळे शेंडे
पदरात खुडायला लागली.
"सुकट घालून बरां लागता."
माझ्या बागेला परातीएवढं टक्कल पडलं.
मी काहीतरी बोलणार होतो,
ते चहाबरोबर गिळलं.

आज पाहिलं: जिथे जिथे नख लागलं
तिथे एकाचे दोन फुटवे.
संध्याकाळी बंदरावर गेलो,
तिच्या टोपलीसमोर उभा राहिलो
आणि जन्मात पहिल्यांदा
मीच विचारलं, पुढची किती वाजता?

"टायम सांगूक जमाचा नाय,"
कोळंबी निवडता निवडता म्हणाली.